लाल दोरा डोक्याकडे

माझ्या दुकानात आरशाच्या वर दोन पाट्या आहेत. एक जुनी, माझ्या वडिलांनी रंगवून घेतलेली: 'येथे राजकारणावर बोलू नये.' तिच्याखाली बसून वाघजाईवाडीची माणसं चाळीस वर्षं राजकारणाशिवाय दुसरं काही बोललेली नाहीत. दुसरी पाटी सरकारची, निळी, चकचकीत: 'अधिकृत केशनमुना संकलक. नोंदणी क्रमांक ४१२.' ही लागली तेव्हा मी आळीभर पेढे वाटले होते. आमच्या घराण्यात सरकारचा शिक्का मिळालेला मी पहिलाच. आता ती उतरवून ठेवावी असं रोज वाटतं, पण ती सरकारी मालमत्ता आहे, स्क्रू काढायचा तरी अर्ज करावा लागतो.

मी सदानंद काशीद. गाव मला आप्पा म्हणतं. गावाला लागून एमआयडीसी आहे आणि एमआयडीसीच्या अगदी शेवटाला शिशाची कंपनी. तिचं खरं नाव लांबलचक आहे, ते फक्त गेटवर वापरतात. ई-रिक्षांच्या, सोलरच्या, मोटारींच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथे ट्रक भरभरून येतात. त्या फोडतात, आतलं शिसं भट्टीत वितळवतात आणि त्याच्या लगडी ओततात. शिशाची वाफ डोळ्याला दिसत नाही. ती श्वासातून आत जाते, तिची धूळ न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या भाकरीतून जाते. आधी पोटात पीळ पडतो, मग माणूस चिडका आणि विसरभोळा होतो, मग हातातलं बळ जातं.

पूर्वी कामगारांचं रक्त तपासायचे. पण रक्त सांगतं ते फक्त गेल्या महिना-दीड महिन्याचं. तपासणीची तारीख जवळ आली की कंपनी भट्टीवरच्या माणसांना काही आठवडे बागेला पाणी घालायला बसवायची, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर बाटलीवरची चिठ्ठी बदलायची. कंपनीची बाग त्या काळात फार सुंदर होती. शेवटी नवा कायदा आला, रक्त बाद झालं आणि केस आले.

सुरुवातीला केस कापायला जिल्ह्याहून तंत्रज्ञ आले. त्यांनी माणसांच्या डोक्यावर शेळी चरून गेल्यासारखं करून ठेवलं. कामगार भडकले, बायकांनी तर हातच लावू दिला नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की हे काम ज्याचं त्याला द्यावं. आम्हा साठ न्हाव्यांना जिल्ह्याच्या नमुना केंद्रात बोलावलं. केंद्राच्या प्रमुख डॉ. आफरीन मुल्ला. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना खडू बोटांत फिरवायची सवय. त्यांनी एका दिवसात आम्हाला जे शिकवलं ते मला अजून तोंडपाठ आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मुळाशी तो जिवंत असतो, रक्तावर पोसतो, आणि त्या महिन्यात रक्तात जे असेल ते त्याच्या अंगात शिरतं. केसात गंधक असतं आणि शिसं गंधकाला घट्ट धरून बसतं. पुढे केस कातडीबाहेर येतो आणि मरतो, आणि मेलेल्या केसातलं ते शिसं मग हलत नाही. म्हणून डोक्याजवळचा सेंटीमीटर म्हणजे हा महिना, त्यापुढचा म्हणजे मागचा महिना, आणि बारा सेंटीमीटरवरचं टोक म्हणजे गेलं वर्ष. यंत्र केस आधी आम्लात धुतं, बाहेरची धूळ आणि वरचा थर काढून टाकतं, आणि उरलेला गाभा लेझरने कणाकणाने जाळत वाचत जातं. शेवटी केस राहत नाही, एक रेघ राहते.

रेघ चढती असली तर विष इथलंच, कंपनीतलं. त्या माणसाला त्याच दिवशी भट्टीवरून काढायचं, त्याच पगारावर स्वच्छ काम द्यायचं, उपचार कंपनीने करायचे. रेघ उतरती असली तर माणूस विष बाहेरून घेऊन आला आणि इथे ते निवळतंय, म्हणजे तो कुठल्याही कामाला चालतो. हे ठरवतं संगणक. निकाल एकाच मिनिटाला कंपनीला, कामगार खात्याला आणि त्या माणसाच्या मोबाइलवर जातो. मध्ये कुणाचा हात शिरायला जागाच ठेवलेली नाही.

"पण मॅडम," मी विचारलं होतं, "डोकं कुठलं आणि टोक कुठलं, हे यंत्राला कसं कळायचं?"

"ते तुम्ही सांगायचं, आप्पा," मॅडम हसून म्हणाल्या. "कापायच्या आधी लाल दोरा बांधायचा. डोक्याकडे. दुसरं काही विसरलात तरी चालेल."

मग आम्हा साठ जणांकडून ते शाळेतल्या पाढ्यासारखं वदवून घेतलं. लाल दोरा डोक्याकडे.

सुयोग मांढरे माझ्या शेजारच्या आळीतला. वय सत्तावीस. आधी पुण्याला गॅरेजात होता, लग्न झाल्यावर गावी परतला आणि शिशाच्या कंपनीत बॅटऱ्या फोडायच्या शेडमध्ये लागला. लग्नासाठी त्याने केसांना तांबूस रंग लावून घेतला होता, तोही पुण्याच्या दुकानात. हा माझा जाहीर अपमान होता आणि मी वर्षभर त्याचं उट्टं काढत होतो. तो नमुना द्यायला आला तेव्हा रंग वाढत वाढत शेवटाला गेला होता, दोन सेंटीमीटर तांबडी टोकं तेवढी उरली होती.

"ती तांबडी शेपटं छाटू का आता?" मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या की आप्पा. ऋतुजाला आवडत्यात."

"तिचं काय, तिला तूबी आवडतोस."

तो खूप हसला. त्या दिवशी माझाही जीव मजेत होता, कारण सकाळीच जगतापांच्या नातवाचं जावळ काढून आलो होतो. जावळ काढायला मला फार आवडतं. मामाच्या मांडीवर बाळ, समोर पदर पसरून बसलेली आत्या. जावळाचा केस जमिनीवर पडू द्यायचा नसतो, म्हणून आमच्या वडिलांची रीत अशी की बटेच्या टोकांना आधी दोरा बांधायचा, खालून कापायचं आणि दोऱ्याला धरून बट अलगद आत्याच्या पदरात सोडायची. तीस वर्षं माझा हात तेच करत आलाय. त्या दिवशी सकाळी नऊला तेच केलं, आणि अकराला सुयोगच्या मानेवरची पेन्सिलएवढी बट हातात घेतली, दोरा बांधला, कापली, नियमाप्रमाणे मोबाइलवर फोटो काढला, पाकीट सीलबंद केलं. तोवर सुयोग आरशात तांबडी टोकं न्याहाळत होता.

महिन्याभराने निकाल आला. रेघ उतरती. शेवटचे दोन महिने तर अगदी कोरे. 'पूर्वीचा भार गॅरेजमधील असावा. शरीर शुद्ध. सर्व कामांस योग्य.' सुयोग मोबाइल नाचवत दुकानात आला आणि सगळ्यांना वडापाव दिला. त्याच तपासणीत भट्टीवरच्या चौघांची रेघ चढती आली होती, त्यांना काढावं लागलं होतं, आणि कंपनीला भट्टीवर शुद्ध शरीराचा माणूस पाहिजे होता. दुसऱ्या सोमवारी सुयोगला तिथे उभं केलं.

त्यानंतर एकदा तो दाढीला आला तेव्हा पोटावर हात दाबून बसला होता.

"मधनंमधनं कळ येती आप्पा. पण मशीन म्हनतंय काय न्हाई."

"मशीन म्हणतंय तर न्हाईच," मी म्हटलं. "बाहेरचं चरणं कमी कर जरा."

हे वाक्य मी बोललो. ते मला परत घेता येत नाही.

चार महिन्यांनी सुयोगचे वडील भिकूनाना वारले. दहाव्याला घाटावर मीच गेलो. नदीला पाणी चांगलं होतं. सुयोगला पायरीवर बसवून मी त्याची हजामत केली, तांबडी टोकं, काळे केस, सगळं उतरलं आणि रीतीप्रमाणे पाण्यात गेलं. मग तो पिंडाला पाणी सोडायला पुढे झाला. ओंजळ धरली, पण उजवा हात वर येईना. कोपर उचललं तरी मनगट खाली लोंबत राहिलं आणि पाणी त्याच्याच पायावर सांडलं. भटजी पुन्हा म्हणाले, पुन्हा तेच. शेवटी त्याची थोरली बहीण दीपाली पुढे आली आणि तिने भावाचं मनगट खालून धरलं.

विधी उरकल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"हे कधीपासनं?"

"झालं महिनाभर. सांडशी सुटती हातातनं." तो ओठ मागे ओढून हिरडी दाखवत म्हणाला, "आन हे बघा, हितं निळं काय आलंय."

हिरडीच्या काठाने बारीक निळसर कड होती. ती कशाची खूण असते हे आम्हाला मॅडमनी चित्र दाखवून शिकवलं होतं.

"पुण्याला असताना असं कधी झालं हुतं?"

"कदीच न्हाई आप्पा. पुण्याला मी तगडा हुतो."

मी तिथेच घाटावर बसून मोबाइल काढला. नमुन्यांचे सगळे फोटो त्यात होते. सुयोगचा सापडला. पांढऱ्या कागदावर काळी बट, एका टोकाला दोन सेंटीमीटर तांबडी. आणि लाल दोरा त्या तांबड्या टोकाला.

यंत्राने सुयोगचं वर्ष उलटं वाचलं होतं. कंपनीत येण्याआधीचे कोरे महिने त्याने आत्ताचे धरले, आणि शेडमध्ये चढत गेलेलं विष गेल्या वर्षीचं. जो माणूस त्याच दिवशी भट्टीपासून लांब न्यायला हवा होता, त्याला माझ्या हाताने भट्टीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं.

मी उठलो आणि खुळ्यासारखा पाण्यात उतरून पायऱ्यांच्या कपारी चाचपायला लागलो. हाताला केस लागले. पांढरे, कुरळे, कुणाकुणाचे. त्या घाटावर रोज कुणाचा तरी दहावा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुना केंद्रात मॅडमसमोर मोबाइल ठेवला. त्यांनी फोटो बघितला, मोठा करून बघितला, आणि हातातला खडू खाली ठेवला.

"पोराला आज दुपारीच घेऊन या," त्या म्हणाल्या. "सिव्हिलमध्ये रक्त काढू, औषध सुरू करू. तेवढं माझ्या हातात आहे."

"आणि निकाल?"

"केसाच्या वरच्या थरावर खवले असतात, आप्पा. त्यांची तोंडं टोकाकडे असतात. त्यावरून कळलं असतं. पण धुताना तो थर जातो, आणि उरलेला केस तर जळून गेला."

"फोटो आहे की. मी लिहून देतो. माझी चूक आहे, मला काय शिक्षा करायची ती करा."

"संकलकाच्या सांगण्यावरून निकाल बदलता येत नाही."

"असला कसला नियम? कुणी केला?"

"मी केला," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी दोन संकलकांना कंपन्यांनी असंच बोलायला लावलं होतं. चढती रेघ आली की यांचं पत्र तयार: 'दोरा माझ्याकडून उलटा बांधला गेला.' म्हणून मी दारच बंद करून घेतलं. आता फक्त नवा नमुना चालतो. डोक्याचाच, निदान तीन सेंटीमीटर."

"त्याचं डोकं मी कालच भादरलंय, मॅडम."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांचा राग करायचा होता, पण करता येईना. त्या बाईने आमच्याच लोकांसाठी भक्कम भिंत बांधली होती आणि आता त्या भिंतीच्या आमच्याच बाजूला उभ्या होत्या.

दुपारी सिव्हिलमध्ये सुयोगचं रक्त काढून झालं, आणि संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन जे झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. सुयोगची बायको ऋतुजा पाचव्या महिन्यात होती, भिंतीला टेकून बसली होती. दीपाली ताड्कन उठून आत गेली आणि परत बाहेर आलीच नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुयोगने मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हंजी तीन महिने."

"तीन महिने काय? उद्यापासून जाऊ नकोस तू तिथं."

"आन मग उगवंल ते केस काय दाखवतील? उतरती रेघ. आधीच्या निकालाला बराबर जुळंल ती. मंग जल्मभर हेच की पोरगं पुण्यासनं विष घिऊन आलंतं." तो चिडून बोलत नव्हता, समजावून सांगत होता. "भट्टीवर उबं ऱ्हायलो तरच चढती यील. तीन महिन्यांचं तर हाय."

मी मॅडमना फोन लावून त्याच्या कानाला दिला. त्या पंधरा मिनिटं बोलल्या. तो हो हो म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "चांगल्या हायती बाई. पन सोडून जा म्हंत्यात, आन मंग पुढं काय ते त्यान्लाबी म्हाईत न्हाई."

म्हणजे विष सिद्ध करायला त्याला विषातच उभं राहायचं होतं, आणि आम्ही सगळे त्याच्या टाळूकडे बघत दिवस काढणार होतो. सिव्हिलच्या गोळ्या तो घ्यायचा आणि सकाळी सातला भट्टीवर जायचा. डॉक्टर म्हणायचे, नळ उघडा ठेवून फरशी पुसताय तुम्ही.

दोन आठवड्यांनी ऋतुजा दुकानाच्या पायरीशी आली. आमच्याकडे बायका दुकानात येत नाहीत, म्हणून मीच बाहेर गेलो. तिने डोक्यावरचा पदर बाजूला केला. कमरेपर्यंत वेणी होती.

"ह्यांची कापडं मी धुती, आप्पा. रोज. झटकल्यावर नाकात जातंय. माझ्या केसांत आसंल का न्हाई ते?"

मला हे सुचायला हवं होतं. पाच-सहा वर्षांचे केस होते तिच्या डोक्यावर, लग्नाआधीचे, नंतरचे, सगळे. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कामगाराच्या घरच्यांचा नमुना घेता येतो, घरातल्या संसर्गाचं वेगळं कलम आहे, आणि लग्नानंतर रेघ चढलेली दिसली तर सुयोगचा निकाल पुन्हा उघडायला कारण मिळेल. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलका वाटला. मग त्या म्हणाल्या, "पण ती गरोदर आहे, आप्पा. निकालात जे येईल ते बाळालाही लागू असेल. तिला सांगा."

मी सांगितलं. ती म्हणाली, "कापा."

मी दोरा बांधला. डोक्याकडे. पुन्हा बघितलं, डोक्याकडे. तीन फोटो काढले आणि तिन्ही तिला दाखवले.

निकाल आला. लग्नाआधी कोरी, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यापासून चढती, जिना चढावा तशी. मी मोबाइल घेऊन मांढऱ्यांच्या घराकडे निघालो आणि चालता चालता खालची ओळ वाचली. संगणकाने तिची रेघ नवऱ्याच्या रेघेशी ताडून बघितली होती. नवऱ्याचं विष त्या काळात उतरत होतं, मग बायकोचं चढलं कशाने? नवऱ्याच्या कामातून नक्कीच नाही. 'स्रोत: घरगुती. घराची तपासणी करावी.'

चार दिवसांनी दोन तरुण पोरं जीप घेऊन आली. फार सभ्य होती. त्यांनी भिंतींचा रंग खरवडून पुड्यांत भरला, हळदीचा डबा नेला, कल्हई केलेली दोन पातेली नेली, ऋतुजाचा कुंकवाचा करंडा नेला. मी दारात उभा राहून त्यांना तोच फोटो दाखवत होतो, तांबडं टोक, लाल दोरा. त्यांनी तो नीट बघितला.

"काका, आम्हाला कळतंय तुमचं," त्यातला एक म्हणाला. "पण आमच्या यादीत भिंत आणि भांडीच आहेत."

तीन महिने भरले. सुयोग दुकानात आला, तेव्हा दाराची कडी त्याला खांद्याने ढकलावी लागली. तो खुर्चीत बसला आणि आरशात बघून मला म्हणाला, "आप्पा, दाढी करायची का केस?" कशासाठी आलोय तेच विसरला होता. मी पट्टीने मोजलं. तीन सेंटीमीटर आणि वर थोडे. एवढे आखूड केस धरणं जिकिरीचं असतं, पण मी ते काम जन्मात केलं नाही इतकं नीट केलं.

रेघ चढतीच आली. इतकी उंच की मॅडम म्हणाल्या, केंद्रात आजवर अशी आली नव्हती. आणि खाली लिहिलं होतं: 'स्रोत: घरगुती. पत्नीच्या नोंदीशी जुळते.'

कंपनीने त्याला सहानुभूतीचं पत्र दिलं. घरातली भांडी बदलावीत अशी शिफारस त्यात होती. पुढच्याच आठवड्यात त्याच्या हातून सांडशी सुटली, शेजारच्याच्या बुटावर वितळलेलं शिसं उडालं, आणि उद्यापासून येऊ नकोस असं त्याला तोंडी सांगण्यात आलं. मॅडमनी वरती सात पत्रं लिहिली. सातांचीही पोच आली. त्यांनी आपला नियम रद्द करायलाही लिहिलं, तर उत्तर आलं की हा नियम अत्यंत उपयुक्त ठरला असून तो इतर राज्यांनीही स्वीकारला आहे.

आता मी एक दिवसाआड सुयोगच्या घरी जाऊन त्याची दाढी करतो. त्याचे दोन्ही हात मांडीवर पडलेले असतात. कधी तो माझ्यावर खेकसतो, कधी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतो. एकदा म्हणाला, "आप्पा, तुमचा हात लई हलका हाय." मी तोंड फिरवून वस्तरा पुसत बसलो.

ऋतुजाला मुलगी झाली. नाव ओवी. सातव्या महिन्यात जावळाचा दिवस धरला आणि बोलावणं मलाच आलं. मी नको म्हणत होतो, दीपालीच दारात येऊन म्हणाली, "आमच्यातली सगळी जावळं तुमच्याच हातची हायती. उठा." ती माझ्याशी वर्षभराने बोलत होती.

अंगणात मामाच्या मांडीवर ओवी बसली होती. अंगाने बारीक, चार महिन्यांची वाटावी एवढीच. केस मात्र दाट, काळेभोर. समोर दीपाली पदर पसरून बसली. सुयोगला खुर्चीत आणून बसवलं होतं. मी वडिलांच्या रीतीने टोकांना दोरे बांधले, कापले, एकेक बट पदरात सोडली. शेवटची बट राहिली तेव्हा ऋतुजा जवळ येऊन वाकली.

"ही मॅडमकडं धाडा, आप्पा."

"कशाला पोरी? काय करायचं आता ते बघून?"

"पोटात हुती तवा गेलंय, ते मला म्हाईत हाय. ते काय आता निघत न्हाई." ती हळू बोलत होती, सुयोगला ऐकू जाऊ नये म्हणून. "पन आता हे भट्टीवर जात न्हाईत. कापडं न्हाईत, धूळ न्हाई. घर मी रोज वल्या फडक्यानं पुसती. म्हंजी टोकाला जास्त आसंल आन डोक्याकडं कमी झालं आसंल. व्हय ना? रेघ उतरतीच यील. तेवढं बघायचंय मला."

त्या घरात उतरत्या रेघेची वाट बघणारं पहिलंच माणूस ते. मी धोकटीतून लाल दोरा काढला. डोक्याकडे बांधला. मामाला दाखवला, दीपालीला दाखवला, ऋतुजाला दाखवला. मग कापलं.

तेराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी दुकानासमोर पाणी मारत होतो.

"आप्पा, दोरा डोक्याकडेच होता ना?"

"होता मॅडम. तिघांना दाखवलाय. फोटो पाठवला होता की तुम्हाला."

"हो, फोटो बघितला मी. बरोबर आहे." त्या म्हणाल्या. "आईच्या हाडांत साठलेलं असतं ते. बाळ अंगावर पिऊ लागलं की हाडं झिजतात आणि ते दुधातून उतरतं. धूळ पुसून ते थांबत नाही."

"म्हणजे रेघ चढती आहे?"

"चढती नाही आणि उतरतीही नाही. सरळ आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत उंचच. तुम्ही या खेपेला दोरा उलटा बांधला असतात तरी चाललं असतं, आप्पा. दोन्हीकडून सारखीच वाचते."

मी फोन खिशात ठेवला. ऋतुजा ओवीला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून येत होती. तिने मला फोनवर बोलताना बघितलं होतं. पायरीशी आली आणि काही विचारायच्या आधी तिने पोरीचं टोपडं काढून डोकं माझ्याकडे वळवलं.

"बघा की आप्पा," ती म्हणाली, "नवं कसं भराभरा येतंय."